सुटली, असं सगळे म्हणाले

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. कुणी मला खाट म्हणतं, कुणी खाटलं म्हणतं. कोणत्याही नावाने हाक मारा, मी काही उठून येणार नाही. कोरचीच्या बाजूला जंगलात येरमटोला नावाची थोड्याशा घरांची वस्ती आहे. तिथल्या झिंगू नावाच्या म्हाताऱ्याच्या ओसरीत माझा मुक्काम असतो. शाळा सुटली की टोल्यावरची मुलं येऊन माझ्यावर उड्या मारतात. मी करकरते, कुरकुरते, पण अजून मोडलेली नाही. लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांनी एवढं करून दाखवावं, मग माझ्याशी बोलावं.

मला झिंगूनेच बनवलं. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि सोमारी त्या घरात नवी नवरी म्हणून आली होती. माझे चार पाय बिजाच्या लाकडाचे आहेत आणि दांड्या धावड्याच्या. दोरी अंबाडीची. ती अंबाडी सोमारीने नाल्यात भिजवून सोलली आणि झिंगूने मांडीवर वळली. विणताना दोघांचं भांडणही झालं. सोमारीला वीण घट्ट हवी होती, आणि झिंगूचं म्हणणं असं की निजणाऱ्याला जरा झोका मिळायला पाहिजे. शेवटी सोमारीचंच खरं झालं. त्या घरात बहुतेक वेळा तसंच होतं.

माझ्यावर पाहुणे बसले, मोहफुलं वाळली, कोंबड्यांनी अंडीही घातली. पण माझं नाव झालं ते वेगळ्याच कामाने. आमच्या टोल्यापर्यंत गाडी येत नाही. डांबरी रस्ता गाठायचा तर आधी जंगलातली वाट आणि मग नाला ओलांडावा लागतो. कुणी आजारी पडलं की लोक झिंगूच्या दारात येतात आणि म्हणतात, बाज काढा. मग माझ्या चारही पायांना दोर बांधून मला लांब बांबूला टांगतात, आणि दोघं पुढे, दोघं मागे अशी खांद्यावर घेऊन निघतात. साप चावलेला माणूस, ताप चढलेली म्हातारी, झाडावरून पडलेला पोरगा, सगळ्यांना मी नेलं आहे. लोक माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

या कामात एक धाकधूक मात्र असते. आमच्या टोल्यात मेलेल्या माणसालाही बाजेवरूनच नेतात, आणि ती बाज मग घरी परत आणत नाहीत. मसणवटीतच उलटी करून ठेवतात. झिंगूने माझ्याच जोडीला विणलेली दुसरी बाज त्याच्या आईला घेऊन गेली, ती गेलीच. त्यामुळे मला खांद्यावर घेतलं की दर वेळी मनात येतं, माणूसही परत यावं आणि मीही यावं.

आता बुधरीची गोष्ट सांगते. बुधरी म्हणजे झिंगू आणि सोमारीची सून, त्यांच्या लालसूची बायको. ती सोमारीच्या भावाची मुलगी आहे, म्हणून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. लग्न होऊन आली तेव्हा भारी बडबडी होती. माझ्यावर बसून मोहफुलं निवडताना ती गाणी म्हणायची आणि शब्द आठवला नाही की खुशाल आपला एखादा घुसडून द्यायची. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. त्याबद्दल घरात कुणी फार बोललं नाही, तीही बोलली नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी तिला जपलं, आणि जपता जपताच एक चूक केली.

तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. सोमारीला वाटलं, सून अंगाने भरली, आता बाळ कसं गुटगुटीत होणार. नाल्यापलीकडच्या गावात दीपाली नावाची आशाताई राहते. तिने येऊन बुधरीला तपासलं आणि बजावून सांगितलं, ही भरलेली तब्येत नव्हे, ही सूज आहे, बीपी वाढलेलं आहे, पाऊस जोर धरायच्या आत हिला माहेरघरात आणून ठेवा. दवाखान्याला लागूनच ती सोय असते, दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच येऊन राहायची. घरच्यांनी मान डोलावली. पण शेतात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू होता. धानाची रोपं तयार, चिखल तयार आणि माणसं कमी. रोवणा आटपला की जाऊ, असं ठरलं. खुद्द बुधरीही तसंच म्हणाली.

रोवणा आटपायच्या आधीच एका सकाळी तिला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाठोपाठ झटके आले. बाज काढली. नाल्याला कमरेच्या वर पाणी होतं. पुढे लालसू आणि त्याचा चुलतभाऊ कोलू, मागे शेजारचे दोघं. मधोमध आल्यावर पाणी माझ्या दोऱ्यांना लागलं. बुधरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. मला काहीच करता येत नव्हतं. तुटायचं नाही, एवढं एकच मी मनात धरून होते. पलीकडे दीपालीने बोलावलेली गाडी उभी होती. ती बुधरीला आणि लालसूला घेऊन गडचिरोलीकडे गेली. मला दीपालीच्या अंगणात टेकवलं आणि झिंगू माझ्या शेजारी जमिनीवर बसला. माझ्यावर बसायचा त्याला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झिंगूच्या हातातला फोन वाजला. पलीकडून लालसू रडत होता. ‘बाबा, बुधरी सुटली,’ एवढं तो म्हणाला आणि फोन कटला.

मित्रांनो, आमच्या भागात हा शब्द फार कामाचा आहे. शाळा सुटते, बैल सुटतो, बाई बाळंत झाली की सुटली म्हणतात. आणि पुष्कळ हाल होऊन माणूस मेलं, तरी लोक म्हणतात, सुटलं बिचारं. झिंगूच्या कानात लालसूचं रडणं होतं, म्हणून त्याने शेवटचा अर्थ घेतला. तो उठला, माझ्या दांडीला हात घातला आणि मला उलटी करायला लागला. माझे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले होते, इतक्यात दीपाली घरातून धावत आली. तिचं दवाखान्यात बोलणं झालं होतं. ऑपरेशन झालं होतं, मुलगी झाली होती आणि मायलेकी दोघी जिवंत होत्या. झिंगूने मला सरळ ठेवलं, माझ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. मग दीपालीच्या नवऱ्याने चहा आणला आणि सगळेच हसायला लागले. म्हाताऱ्याच्या या घोटाळ्यावर टोल्यात पुढे बरेच दिवस थट्टा चालली.

टाके सुकल्यावर बुधरी घरी आली. रोवण्याला घरी आलेला लालसू थोडे दिवस राहिला आणि गडचांदूरला आपल्या कामावर परत गेला. घरामागे एक लहानशी खोली आहे, तिथे मला नेलं आणि बुधरीला माझ्यावर निजवलं. खाली शेक द्यायला निखाऱ्याची शेगडी. सवा महिना बाळंतिणीने त्या खोलीतच राहायचं आणि पुरुषमाणसाने आत यायचं नाही, अशी त्या घरातली रीत आहे. टोल्यातल्या बाया येऊ लागल्या. आल्या आल्या म्हणायच्या, सुटली बाई एकदाची. मग बाळाला मांडीवर घ्यायच्या, नाक आजीचं की बापाचं यावर वाद घालायच्या, चहा प्यायच्या आणि जायच्या. बुधरी तिथेच होती, पण तिच्याशी बोलायचं कुणाला सुचायचं नाही.

मी बाज आहे. झोपलेलं माणूस मला लगेच कळतं. झोप लागली की अंग सैल होतं आणि सगळ्या दोऱ्यांवर सारखं पसरतं. बुधरीचं अंग कधी पसरलंच नाही. बाळ झोपायचं, सोमारी झोपायची, आणि ही भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहायची. डोळे मिटलेले असायचे, म्हणून बघणाऱ्याला वाटायचं, निवांत निजली आहे. बाळ रडलं की त्याला पाजायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. ताटातलं अन्न तसंच राहायचं. गाणं तर कुठल्या कुठे गेलं. एकदा ती बाळाला हळूच म्हणाली की तुला दुसरी माय मिळाली असती तर बरं झालं असतं. ते ऐकायला मी एकटीच होते. मला फार वाईट वाटलं, पण बाजेचं कोण ऐकतं.

सोमारी वाईट नव्हती हो. तिने कोंबडीचा रस्सा केला, लसूण घालून भात केला, पुजाऱ्याकडून दोरा आणून मनगटाला बांधला. सुनेला अशक्तपणा आला आहे, असं ती धरून चालली होती. तिच्या वेळी ती बाळ पाठीला बांधून शेतात गेली होती आणि हे ती दिवसातून एकदा तरी सांगायचीच. सांगताना तिला वाटायचं, आपण धीर देत आहोत. माझ्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. बाळंतिणीला उठवून दोरी कशी ताणायची, म्हणून ती तशीच राहिली. माझ्या मध्यभागी खड्डा पडला आणि बुधरी त्यात निजू लागली.

अशाच एका दुपारी सोमारी बाळाला तेल लावत बसली होती. बुधरी भिंतीकडे बघत म्हणाली, ‘आत्या, मले सुटाचं हाये.’

सोमारी हसली. म्हणाली, ‘अवो, थांब ना जराशी. सवा महिना झाला का सुटशीनच. मंग धानात जा, नाई तं जंगलात जा, कुठीबी जा.’

सोमारीला मनापासून आनंद झाला होता. सून खोलीला कंटाळली, तिला कामाची आठवण आली, म्हणजे तब्येत सुधारली, असा तिने हिशेब केला. बुधरीने पाय पोटाशी घेतले आणि माझी दांडी इतक्या जोराने धरली की लाकूड असून मला ते जाणवलं. ती काय म्हणाली ते मला कळलं होतं. मित्रांनो, आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, नाल्याच्या पाण्यातसुद्धा नाही.

संध्याकाळी झिंगू जेवायला बसला तेव्हा सोमारीने हसत हसत ती गोष्ट त्याला सांगितली. चूल त्या खोलीच्या भिंतीला लागूनच आहे, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. सुनेला आता सुटायची घाई झाली आहे, असं ती म्हणाली. झिंगूच्या चावण्याचा आवाज थांबला. बुधरी नेमकं काय म्हणाली, ते त्याने पुन्हा विचारलं. सोमारीने पुन्हा सांगितलं. त्याने ताट सरकवलं आणि तो उठला. त्या शब्दाचा दुसरा अर्थ घरात त्याच्याइतका कुणाला माहीत होता?

तो खोलीत आला नाही. दाराबाहेर, आमच्याकडे पाठ करून उंबऱ्याशी बसला. मग त्याने विचारलं, ‘बुधरी, कायच्यातून सुटाचं हाये तुले?’

बुधरी भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

‘साऱ्यातूनच, मामा. पोरीले आत्या पाहील.’

झिंगू ना ओरडला, ना त्याने तिला देवाची शपथ घातली. ‘सांगतलं, बरं केलं तू,’ तो म्हणाला. ‘मी इथीच बसतो.’ आणि तो खरंच बसून राहिला. त्याने सोमारीला हाक मारून दुसरा अर्थ सांगितला. सोमारी आत आली, माझ्या कडेवर बसली आणि सुनेच्या पायावर हात ठेवून उगी राहिली. इतका वेळ गप्प बसलेली सोमारी मी पहिल्यांदाच पाहिली.

झिंगूने निरोप धाडला होता, त्यामुळे सकाळी दीपाली आली. आल्या आल्या ‘जय भीम, बाबा’ आणि ‘जोहार, ताई’ झालं. मग तिने सगळ्यांना बाहेर बसवलं आणि बुधरीजवळ बसून एकेक विचारलं. जीव द्यावासा वाटतो का, तेही सरळ विचारलं. बुधरीने मान हलवून हो म्हटलं. दीपालीने बाहेर येऊन समजावलं की हा आजार आहे. जिवावरच्या बाळंतपणानंतर तो अनेक जणींना होतो, यात आळस नाही आणि आईची माया कमी आहे असंही नाही. याला औषध आहे, डॉक्टर आहेत. तोवर हिला घटकाभरही एकटी सोडायची नाही, आणि न्यायचं ते आजच.

सोमारीने पदराने डोळे पुसले, पण ती अडून बसली. बाळंतपणाच्या दुखण्याला लोक धावून येतात, या दुखण्याला लोक हसतील, असं तिला वाटत होतं. ‘लोकं पागल म्हणतीन हिले,’ ती म्हणाली. ‘माह्या भावाची पोर हाये.’

झिंगू म्हणाला, ‘सुटली हे मी एकडाव आयकलं. आता दुसऱ्यांदा मले आयकाचं नाई.’

सोमारी उठून बाळाची दुपटी गोळा करू लागली. झिंगू ओसरीत गेला आणि त्याने स्वतःच आवाज दिला, बाज काढा.

कोलू आला, शेजारचे आले. कोण आजारी आहे म्हणून विचारू लागले. बुधरी, असं झिंगूने सांगितलं. तिला काय झालं, असं विचारल्यावर त्याची पंचाईत झाली. त्या दुखण्याला त्याच्याजवळ गोंडीतही शब्द नव्हता आणि मराठीतही नव्हता. शेवटी तो म्हणाला की तिला झोप येत नाही. कोलूने डोकं खाजवलं. झोप येत नाही म्हणून बाज काढल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. पण भला माणूस, बांबू घेऊन आला. निघण्याआधी झिंगूने माझी दोरी ताणून घट्ट केली.

नाल्याचं पाणी आता ओसरलं होतं आणि सकाळचं ऊन झाडांतून खाली येत होतं. सोमारी बाळाला छातीशी धरून माझ्या बाजूने चालत होती. कितीतरी दिवसांनी बुधरीच्या डोक्यावर आभाळ होतं. अर्ध्या वाटेत ती रडायला लागली. आधी मुकाट, मग मोठ्याने. खांदेकरी थबकले, पण सोमारीने त्यांना चालत राहायला सांगितलं. माझ्या अंबाडीच्या दोऱ्या तिच्या डोळ्यांच्या पाण्याने ओल्या झाल्या आणि मला बरं वाटलं. न रडणाऱ्या बुधरीपेक्षा ही बुधरी मला ओळखीची होती.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी तिला काही दिवस ठेवून घेतलं आणि गोळ्या सुरू केल्या. सोमारीला सांगितलं की हिची झोप हेच मोठं औषध आहे, बाळाचं जागरण तुम्ही वाटून घ्या. लालसू काम सोडून आला. पण गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी बुधरी हसली, असं काही झालं नाही. कधी दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडे वळायची. लालसू घाबरायचा. दीपाली दर आठवड्याला यायची आणि गोळ्या बंद करू नका म्हणून बजावायची. सोमारीने ‘आमच्या वेळी’ म्हणणं सोडलं. तिला ते फार जड गेलं असणार.

धान कापणीच्या दिवसांत एका दुपारी बुधरी ओसरीत माझ्यावर आडवी झाली. थोड्या वेळाने तिचा हात सैल होऊन दांडीवरून खाली लोंबला आणि तिचं अंग माझ्या सगळ्या दोऱ्यांवर पसरलं. तिला झोप लागली होती. अंगणात कोंबड्या कलकल करत होत्या. त्या सुनेला उठवतील म्हणून सोमारी अंगण झाडायचा फडा हातात घेऊन त्यांच्या मागे पार कुंपणापर्यंत धावली. मी त्या दिवशी एकदाही करकरले नाही. जागी झाल्यावर बुधरीने लेकीला मागून घेतलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचं नाव दिव्या ठेवायचं म्हणाली.

यंदा कोलूची बायको चंचल बाळंत झाली. त्यांच्या घरी चांगली बाज नाही, म्हणून त्यांनी मला मागून नेलं आहे. परवा टोल्यातल्या बाया बाळ बघायला आल्या आणि नेहमीप्रमाणे बाळाभोवती जमल्या. बुधरीही आली. दिव्याला तिने खाली सोडलं आणि बाळाकडे न जाता माझ्या कडेवर येऊन बसली. तिने चंचलला विचारलं, कशी आहेस. चंचल म्हणाली, बरी हाये. एवढं ऐकून कुणीही उठलं असतं. बुधरी उठली नाही. बाकीच्या बाया चहाला गेल्या तरी ती बसून राहिली. मग चंचलने तिचा हात धरला आणि भिंतीकडे बघत बोलायला सुरुवात केली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. माझी दोरी वर्षातून एकदा ताणा, मला पावसात टाकू नका, एवढं मी मागू शकले असते. पण ते राहिलं तरी चालेल. तुमच्या घरी, शेजारी, मामाच्या गावी बाळ झालं की तुम्ही बघायला जालच. बाळाला जरूर हात लावा. मग त्याच्या आईजवळ बसा आणि ती कशी आहे ते विचारा. ती म्हणेल, बरी आहे. तरी लगेच उठू नका.